नियमाप्रमाणे मारले, म्हणून काय झाले?



गेल्या दिवाळीनंतर सहा महिने मी लेकीकडे न्यू जर्सीला होते, हे तुम्हाला माहीत आहेच. तिकडच्या थंडीतल्या चौविहाराबद्दल आणि परदेशी पिठात होणाऱ्या भाकरीबद्दल मी लिहिले होते. एक लेख मात्र मागे ठेवला होता, कारण तो लिहायचा म्हणजे घरातले भांडण चव्हाट्यावर आणायचे. आता लेक-जावयांना विचारून लिहिते आहे. जावई म्हणाले, "आई, खुशाल लिहा. पण माझीही बाजू मांडा." मांडते.

लेकीच्या घरामागे एक तळे आहे. पावसाचे पाणी साठवण्यासाठी मातीचा बांध घालून केलेले. कडेने पाणकणसाची दाट झाडी आहे. त्यात एक जनावर राहते, मस्करॅट. शब्दकोशात पाहाल तर 'चिचुंद्री' असा अर्थ सापडेल, पण आपली चिचुंद्री ती ही नव्हे. हे मोठ्या घुशीएवढे, किलो-सव्वा किलोचे, दाट तपकिरी लव असलेले आणि पाण्यात राहणारे जनावर आहे. शेपूट दोन्ही बाजूंनी चपटे, ते सुकाणूसारखे हलवत पोहते. पाणवनस्पती खाते. काठाच्या मातीत बीळ करते आणि बिळाचे तोंड पाण्याखाली ठेवते. सकाळी सामायिक आटोपून मी खिडकीशी बसायची, तेव्हा पाण्यावर एक सरळ रेघ उमटत जाताना दिसायची. ती रेघ म्हणजे तो.

डिसेंबरात सोसायटीचे पत्र आले. मस्करॅटने बांधाला बिळे पाडली आहेत, परवानाधारक सापळेवाल्याला काम दिले आहे, राज्याचे सर्व नियम काटेकोर पाळले जातील, असे त्यात होते. खाली कमिटीच्या पाच जणांची नावे होती. त्यातले एक नाव आमच्या जावयांचे.

मी काहीच बोलले नाही. फक्त म्हटले, "ते नियम मला वाचायला द्या."

मी बी.कॉम. झालेली बाई. आमच्या ह्यांच्या हळदीच्या दुकानाची खतावणी तीस वर्षे मीच लिहिली. 'सगळे नियमाप्रमाणे आहे' असे कोणी म्हटले की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. जावयांनी बिचाऱ्यांनी सगळे छापून दिले. नातवाच्या मदतीने आणि शब्दकोश शेजारी ठेवून मी आठ दिवस ते वाचले.

नियम वाईट नाहीत, हे आधी सांगते. सापळे लावणाऱ्याला प्रशिक्षण घ्यावे लागते आणि परवाना काढावा लागतो. प्रत्येक सापळ्यावर त्याची ओळख सांगणारी पट्टी हवी. दर चोवीस तासांत एकदा सापळा तपासलाच पाहिजे. पाय पकडणारा पोलादी जबड्याचा सापळा तर न्यू जर्सीने १९८४ सालीच कायद्याने बंद केला. अमेरिकेतली पुष्कळ राज्ये अजून तिथवर आलेली नाहीत. काही राज्यांत बुडवून मारणाऱ्या सापळ्यांना तपासणीसाठी दोन-तीन दिवसांची सवलतही आहे. म्हणजे लेकीचे राज्य त्यातल्या त्यात शहाणे.

पण हिशेब तपासताना आधी एक विचारायचे असते, की ही वही कोणासाठी लिहिली आहे? देणेकऱ्यासाठी, मालकासाठी की सरकारसाठी? हे नियम मी त्याच नजरेने वाचले.

कातडीसाठी सापळे लावण्याचा हंगाम हिवाळ्याचा, मार्चच्या मध्यापर्यंत. का? थंडीत कातडीवरची लव सर्वांत दाट असते, म्हणजे माल चांगला मिळतो. वसंतात बंदी, कारण तेव्हा वीण होते. ती होऊ दिली नाही तर पुढच्या हंगामात माल कुठून येणार? एका माणसाने किती मस्करॅट मारावेत याला मर्यादाच नाही. हंगाम, हद्द, परवाना, पट्टी, सगळे रकाने भरलेले आहेत. पण त्या जनावराला किती वेळ काय सोसावे लागेल, असा रकाना त्या कागदांत मला सापडला नाही. चोवीस तासांचा नियम हा तपासणाऱ्याने यायचा नियम आहे. जनावराच्या वेदनेची मुदत तो ठरवत नाही.

वेदनेचा रकाना कुठेच नाही असेही नाही. तो आंतरराष्ट्रीय करारात आहे, आणि तो वाचून माझी झोप गेली.

झाले असे. युरोपीय संघाने १९९१ साली पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर बंदी घातली आणि असे सापळे वापरणाऱ्या देशांतून तेरा जातींच्या प्राण्यांची कातडी घ्यायची नाही असे ठरवले. त्या तेरांत मस्करॅट आहे. कातडी विकणारे देश अस्वस्थ झाले, वाटाघाटी झाल्या, आणि १९९७-९८ च्या सुमारास युरोप, कॅनडा आणि रशिया यांच्यात दयाळू सापळ्यांच्या मानकांचा करार झाला. अमेरिकेने युरोपशी वेगळा समझोता केला. शब्द नीट वाचा, दयाळू सापळे! आता त्या दयेची व्याख्या ऐका. मारणारा सापळा बारा जनावरांवर तपासायचा. त्यातली निदान ऐंशी टक्के जनावरे ठरलेल्या वेळेत बेशुद्ध झाली पाहिजेत. मस्करॅटसाठी ती वेळ आहे तीनशे सेकंद.

बाराचे ऐंशी टक्के नऊ पूर्णांक सहा, म्हणजे दहा. दहा जनावरे पाच मिनिटांच्या आत बेशुद्ध झाली की सापळा उत्तीर्ण. उरलेल्या दोघांना किती वेळ लागला, याने निकाल बदलत नाही.

मी स्वयंपाकघरातले घड्याळ पाच मिनिटांवर लावून कायोत्सर्गाला उभी राहिले. नऊ णमोकार, सत्तावीस श्वासोच्छ्वास. एक झाला, दुसरा झाला, तिसरा संपत आला तेव्हा घंटा वाजली. तुम्हीही एकदा करून पाहा. पोटावर पोलादी दांडी आवळलेली आहे अशी कल्पना करून पाहा म्हणत नाही, नुसते उभे राहून पाहा. पाच मिनिटे किती मोठी असतात ते कळेल.

आणि हे झाले चांगल्या सापळ्याचे. पाण्याखाली ठेवायच्या सापळ्यात जनावर बुडून मरते. मस्करॅट पंधरा मिनिटांपर्यंत पाण्याखाली राहू शकतो. निसर्गाने जगण्यासाठी दिलेला दम तिथे मरण लांबवायला कामी येतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यांची जी मोठी संघटना आहे, ती बुडवून मारणे ही सुखाने मरण देण्याची रीत मानत नाही. दवाखान्यातल्या कुत्र्याला जे करायचे नाही, ते तळ्यातल्या मस्करॅटला केले तर नियमात बसते.

आणखी एक शब्द सांगते, कॉमर्सवाल्यांनी ऐकण्यासारखा. पायात अडकलेला मस्करॅट पीळ घालघालून स्वतःचा पाय तोडतो आणि पळून जातो. ते टाळायला सापळ्याला जादा दांडी बसवतात, ती त्याला पायापासून दूर रेटून धरते. त्या सापळ्याचे नाव 'स्टॉप लॉस'. शेअर बाजारात आपण हाच शब्द वापरतो. तोटा थांबवायचा. कोणाचा? पाय गेला त्याचा नव्हे, कातडी गेली त्याचा.

सगळी माणसे निर्दय असतात असे मात्र मी म्हणणार नाही. मारणारा सापळा ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो कॅनडातला फ्रँक कॉनिबेअर स्वतः सापळेवालाच होता. पाय अडकून तळमळणारी जनावरे बघून त्यालाच राहवेना, म्हणून चटकन मारणारा सापळा त्याने वर्षानुवर्षे खटपट करून बनवला. त्याबद्दल १९६१ साली अमेरिकेतल्या एका प्राणिदया संस्थेने त्याला प्रशस्तिपत्र दिले. त्याच्या करुणेबद्दल मला शंका नाही. पण करुणा जागी झाल्यावर त्याने 'मारू का?' असे विचारले नाही, 'लवकर कसे मारू?' एवढेच विचारले. माझे भांडण तिथे आहे.

आता जावयांची बाजू.

ते म्हणाले, "आई, बांध फुटला तर खालच्या घरांत पाणी शिरेल. त्यात लहान मुले आहेत." आणि त्यांनी मला उदाहरण दाखवले. जून २००८ मध्ये मिसिसिपी नदीला पूर आला होता. मिसुरी राज्यात विनफील्डजवळचा पिन ओक नावाचा बांध लोकांनी वाळूची पोती रचून वाचवत आणला होता, आणि तो फुटला मस्करॅटच्या बिळांमुळे. हे खरे आहे. नेदरलँड्स हा देश तर बांधांवरच उभा आहे. १९४१ साली तिथे मस्करॅट पहिल्यांदा सापडला. तिथली पाणी मंडळे आजही पगारी सापळेवाले ठेवतात, आणि एके काळी वर्षाला चार लाखांच्या आसपास मस्करॅट मारले जात. ते हौसेने केलेले नाही, समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या माणसांनी भीतीपोटी केलेले आहे. मी सांगलीची आहे. २०१९ साली कृष्णेचे पाणी आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर होते. बांधाचे महत्त्व मला कोणी शिकवायला नको.

पण मग मी जावयांना आपल्या पाठशाळेतला धडा आठवून दिला. गृहस्थाची हिंसा चार प्रकारची. घरकामात होणारी आरंभी, पोटापाण्याच्या उद्योगात होणारी उद्योगी, आपल्या आणि आश्रितांच्या रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी, आणि ठरवून केलेली संकल्पी. पहिल्या तिन्ही गृहस्थाला पूर्ण टळत नाहीत, त्या कमीत कमी कराव्यात. संकल्पी मात्र सोडलीच पाहिजे. कोटासाठी मस्करॅट मारणे संकल्पी आहे, त्यात वाद नाही. बांध वाचवायला मारणे विरोधी हिंसेत बसू शकते, हे मी मान्य केले. पण कधी? दुसरा काही उपाय उरला नसेल तेव्हा. दारात साप आला तर आधी दार लावतात, सर्पमित्राला बोलावतात. काठी शोधण्यापासून सुरुवात करत नाहीत.

म्हणून मी विचारले, "दुसरे काय काय करून पाहिले?"

जावई गप्प झाले.

करण्यासारखे पुष्कळ होते, आणि ते त्यांच्याच सरकारी पत्रकांत छापलेले होते. बांधाच्या पाण्याकडच्या उतारावर, पाण्याच्या पातळीच्या फूटभर वरपासून तीन फूट खालपर्यंत दगडांचे पिचिंग करायचे किंवा जाळी पुरायची. उतार मंद ठेवायचा, कारण मस्करॅटला बिळासाठी उभा काठ लागतो. काठाची पाणकणसे कमी करायची, कारण तेच त्याचे अन्न. आमच्याकडे शेततळ्याच्या काठाला दगड लावतात तसेच हे काम. त्याला खर्च जास्त येतो, पण एकदाच येतो. सापळेवाला स्वस्त, पण तो दर वर्षी लागतो. बिळासाठी काठ आणि खायला पाणकणसे तशीच ठेवली तर रिकाम्या झालेल्या तळ्यात ओढ्याने दुसरे मस्करॅट येतात. भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च यांतला फरक बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. कमिटीत दोन सनदी लेखापाल होते, त्यांना तो आठवू नये?

आणि सापळा नाव विचारून पकडत नाही. ब्रिटनची गोष्ट बघा. १९२० च्या दशकात तिथे कातडीसाठी मस्करॅट आणून पाळले, ते पळून गेले आणि नद्यांचे काठ पोखरू लागले. १९३२ साली कायदा झाला आणि काही वर्षांत त्यांचा पूर्ण नायनाट केला. सरकारी दृष्टीने ही मोठी यशोगाथा आहे. पण एकट्या स्कॉटलंडमध्ये ९४५ मस्करॅट पकडताना त्याच सापळ्यांत पाच हजारांहून अधिक इतर जीव मेले, त्यात दोन हजारांवर पाणकोंबड्या होत्या. एका मस्करॅटमागे पाच निरपराध. कुठल्या धंद्यात असा ताळेबंद कोणी मंजूर करेल? आणि मुळात त्या मस्करॅटला तिथे नेले कोणी? माणसाने, कोटासाठी. लोभ आपला, शिक्षा त्याला.

आता खरे बोलायचे ते आपल्या माणसांशी.

लेकीच्या गावापासून थोड्या अंतरावर मोठे जैन मंदिर आहे. दशलक्षण पर्वात तिथे जीवदयेसाठी भरभरून देणग्या दिल्या जातात, भारतातल्या पांजरपोळांना पैसे जातात. फार चांगली गोष्ट आहे. पण ज्या हाताने जीवदयेचा धनादेश लिहिला, त्याच हाताने सापळेवाल्याच्या करारावर सही झाली, आणि सही करणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटले नाही. का? तर 'नियमाप्रमाणे आहे.' कांदा-बटाटा सोडणारा माणूस घरामागच्या तळ्याबद्दल एक प्रश्न विचारत नाही, कारण पत्रावर 'परवानाधारक' असा शब्द आहे.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठ केले. जिवाला बांधणे, मारणे, अवयव तोडणे, जादा भार लादणे, अन्नपाणी रोखणे. सापळ्याला ही यादी लावून पाहा. भार लादणे सोडले तर बाकीचे चारही त्यात येतात. कोणत्याही राज्याच्या नियमांहून ही यादी जुनी आहे, आणि ती सोसणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली आहे. आपल्या घरात इतकी जुनी नियमावली असताना आपण दुसऱ्याच्या नियमावलीवर निश्चिंत होतो, याचे मला वाईट वाटते.

पळवाटा काढण्यात आपण एकटे नाही म्हणा. मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या दक्षिणेला उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असलेले कॅथलिक लोक मस्करॅट खातात. तो पाण्यात राहतो, म्हणून त्याला माशांत धरायचे, ही तिथली जुनी परंपरा. हसू नका. चातुर्मासात 'हे तर तयार पाकिटातले आहे' म्हणून काय काय चालते ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि मीही धुतल्या तांदळासारखी नाही. हे सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. २०१९ च्या पुरानंतर आमच्या कोठीच्या खोलीत उंदीर फार झाले. मी बाजारातून चिकट पुठ्ठा आणला. मनाशी म्हटले, मी मारत तर नाही, नुसती पकडते. रात्रभर आतून बारीक आवाज येत होता. मी उशी कानावर घेतली. सकाळी पाहिले तर एक उंदीर आणि एक पाल, दोघेही जिवंत, दोघेही चिकटलेले. मी कामवालीला म्हटले, "बाई, हे बाहेर टाक." बाहेर म्हणजे कुठे, आणि पुढे काय, हे मी विचारले नाही. पुढे माताजींकडे जाऊन प्रायश्चित्त घेतले, पण तो आवाज गेला नाही. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० सालचा कायदा आहे, आणि या चिकट पुठ्ठ्यांविरुद्ध पावले उचला असे पशुकल्याण मंडळाने राज्यांना कळवलेलेही आहे. मला ते नंतर कळले. पण कायदा कळायच्या आधी कान होते ना मला?

म्हणून जावयांना मी दोष देत नाही. त्यांनी तेच केले जे मी केले होते. काम दुसऱ्याला दिले आणि उशी कानावर घेतली. त्यांच्या उशीवर 'नियमाप्रमाणे' असे छापलेले होते, एवढाच फरक.

शेवट गोड नाही. जानेवारीत सापळेवाला आला. सभ्य, म्हातारा माणूस. रोज सकाळी वेळेवर यायचा, एकही नियम त्याने मोडला नाही. सहा मस्करॅट आणि एक बदक नेले. पाण्यावरची रेघ बंद झाली. त्या दिवशी मी उपवास केला. जावई जेवायला बसले, पण जेवले नाहीत.

नंतर लेकीने फोटो पाठवला. पाण्यावर रेघ होती. नवे कोणी तरी आले आहे.

या वेळी जावयांनी सभेत तीन गोष्टी मांडल्या. एक, आधी बांधाला जाळी आणि दगड, त्याचे दरपत्रक मागवायचे. दोन, तरीही सापळ्याची वेळ आलीच तर त्याआधी काय काय करून पाहिले ते इतिवृत्तात लिहायचे. तीन, जे जे मेले त्या प्रत्येकाची नोंद करायची, बदकाचीसुद्धा. पहिला ठराव एका मताने मंजूर झाला. बाकीच्या दोन्हींवर पुढच्या सभेत चर्चा आहे.

परदेशातल्या आपल्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे. मंदिरात जाता, उत्तम. पण सोसायटीच्या सभेलाही जा आणि तिथे तोंड उघडा. देणगीची पावती जपून ठेवता, तशी सही केलेल्या कराराची प्रतही एकदा वाचा. आणि 'सगळे नियमाप्रमाणे आहे' असे कोणी म्हणाले, तर विचारा, "हो, पण नियम कोणासाठी लिहिलाय?"

त्या सहा मस्करॅटांची, त्या बदकाची, आणि माझ्या कोठीतल्या त्या दोघांची मी क्षमा मागते. उत्तम क्षमा.